उरलेलं मत

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेडा टीटरने माझ्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत. "राहू द्या हो सर, आज माझ्याकडून," ती म्हणाली आणि तिने कप माझ्याकडे सरकवला. टॅनर्स बेंडमध्ये मला अजून सगळे सर म्हणतात. मी खरं तर शिक्षक नव्हतो. शाळेच्या वाचनालयात बसायचो, पुस्तकांवर परत करायच्या तारखेचा शिक्का मारायचो. पण इथल्या बहुतेकांना आयुष्यातलं पहिलं पुस्तक माझ्या हातून मिळालं, म्हणून ते नाव चिकटलं आणि ते दुरुस्त करायचं धैर्य मला कधी झालं नाही. नेडाही माझ्याकडून घोड्यांची पुस्तकं न्यायची आणि पानं दुमडून परत आणायची. आता तिचे केस पांढरे झालेत, पंपावरचं दुकान तिच्या नावावर आहे, आणि अजून तिच्या हाताला काही दुमडायला लागतं. बोलताना ती पावतीचा कागद दुमडत होती. "रीव्हाचं वाईट वाटलं मला," ती आवाज उतरवून म्हणाली. "मी तिलाच मत दिलं हो. पहिलं वर्तुळ तिचंच भरलं. आणि उरलेलं कर्टिसला."

"कर्टिसला," मी म्हणालो.

"मग काय करायचं? दोन द्यायची होती ना? एक तसंच सोडायचं म्हणजे ताटात टाकून उठल्यासारखं वाटतं. आणि आई गेली तेव्हा किती केलं त्याने आमचं, तुम्ही होतातच की. त्याला एक उरलेलं मतसुद्धा द्यायचं नाही म्हणजे..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि ती पंपावर आलेल्या गाडीकडे बघायला लागली.

कपाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. कॉफी अंगठ्यावर सांडली आणि पोळल्याचं मला जरा उशिराच कळलं. कारण त्या वेळी माझ्या आत जे उठलं होतं ते दुःख नव्हतं, तो सुटकेचा श्वास होता. मी एकटाच नाही, एवढंच मनात आलं. मग त्या सुटकेखालची जमीन सरकली. नेडानेही केलं, मीही केलं, तर आणखी किती जणांनी केलं असेल? रीव्हा माझी मुलगी. मतपत्रिकेवर तिच्या नावासमोरचं वर्तुळ मी भरलं होतं, आणि दुसरं भरू नका असं तिने मला हाताला धरून सांगितलेलं असताना, त्यानंतर कर्टिस हेड्रिकच्या नावासमोरचंही भरलं होतं.

मागच्या टेबलाशी बर्ल नेस्टर आणि त्याचे दोन सोबती बसले होते, रोजच्यासारखेच. मी तिथे जाऊन बसलो, कारण कप घेऊन सरळ बाहेर पडलो असतो तर ते डोळ्यांवर आलं असतं. बर्लने माझ्यासाठी खुर्ची पायाने ढकलली. तो लाकडाच्या गिरणीत होता, गिरणी गेली, आता तो फक्त बोलतो. "कर्टिस चांगला माणूस आहे, डेंझिल," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाशीसुद्धा अदबीने बोलतो."

"जिवंत माणसाशी बोलताना नुसतं माप घेतो," दुसरा म्हणाला.

"शाळेचंही घेतलंय म्हणतात. लांबी-रुंदी सगळं."

"मग काय, पेटी तरी चांगली मिळेल."

ते हसले आणि मीही हसलो. हसताना माझ्या मनात आलं की या तिघांनीही उरलेलं मत कुठे दिलं ते मला ठाऊक आहे, आणि मी कुठे दिलं ते त्यांनाही ठाऊक असेल. हेड्रिक मंडळींचा अंत्यविधीचा धंदा आहे, ज्या घरातलं कोणी त्यांनी पुरलं नाही असं घर काउंटीत नाही. आधी कर्टिसच्या आजोबांनी, मग वडिलांनी, आता तो. प्रत्येक स्वयंपाकघरात त्यांचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, चर्चच्या प्रत्येक बाकावर त्यांच्या नावाचा पुठ्ठ्याचा पंखा. अशा माणसाच्या नावासमोरची जागा रिकामी ठेवायची, तेही पेन हातात असताना, हे आमच्याकडे कोणाला जमेल असं रीव्हाला वाटलंच कसं? पण हेही मी आता म्हणतो आहे. तिने समजावून सांगितलं तेव्हा मी मान डोलावली होती.

तिने समजावलं होतं ते तिच्या स्वयंपाकघरात, त्याच कॅलेंडरखाली. मतदानाच्या तारखेभोवती तिने लाल पेनने रेघ मारली होती आणि त्या रेघेच्या वरच कर्टिसच्या दुकानाचं नाव आणि फोन होता, याचं तिला किंवा मला त्या वेळी काही वाटलं नाही. काउंटीच्या शाळामंडळात पाच खुर्च्या. त्यातल्या दोन रिकाम्या झालेल्या, म्हणून प्रत्येकाला दोन मतं, आणि उभे तिघं. लाईल बिकल येणार हे ठरलेलंच होतं. तो डोंगरापलीकडच्या मुख्य गावचा, तिकडे वस्ती जास्त. आमच्या शाळेत मुलांपेक्षा खिडक्या जास्त आहेत, ती बंद करा, असं तो सगळीकडे सांगत फिरायचा. आमच्या खोऱ्यात त्याला कोणी मत देणार नव्हतं आणि त्याला त्याची गरजही नव्हती. उरलेल्या जुन्या तिघांत शाळा राहू द्या म्हणणारे दोघं, बंद करा म्हणणारा एक. त्यात बिकल धरला की बरोबरी. म्हणजे सगळं आलं पाचव्या खुर्चीवर आणि तिच्यासाठी रीव्हा आणि कर्टिस. कर्टिस शाळा बंद करा असं कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, "मी अजून ऐकून घेतोय." ते वाक्य तो कोणत्या आवाजात म्हणतो हे ज्यांनी ऐकलं होतं त्यांना पुढचं कळत होतं.

"बाबा, हे बघा," रीव्हाने ओट्यावर दोन बटाटे ठेवले. "हा मी, हा कर्टिस. तुम्ही मला एक मत दिलंत, मी एक पाऊल पुढे. मग म्हणालात, उरलंय ते देऊ त्याला. तोही एक पाऊल पुढे. मग मला काय मिळालं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही. म्हणून दुसरं रिकामं ठेवायचं. चालतं तसं. मत बाद होत नाही, मी कचेरीत विचारून आले. आपल्या बाजूच्या प्रत्येकाला मी हेच सांगतेय. तोंडाने सगळे हो म्हणतात." तिने बटाटे उचलले आणि माझा हात धरला. तिचा हात गार आणि ओला होता. "तुम्ही पण तोंडाने हो म्हणता, बाबा. लहानपणापासून बघतेय मी. दारात आलेल्या प्रत्येकाकडून तुम्ही काहीतरी विकत घेता."

"रिकामं ठेवीन," मी म्हणालो.

हे सगळं ती कशासाठी करते आहे ते मला माहीत होतं. आमच्याकडे मोठ्या मुलांची शाळा केव्हाच डोंगरापलीकडे गेली. रीव्हा तिकडच्या शाळेच्या बसने गेलेली आहे. बक नॉब डोंगराच्या वळणांवर तिला रोज उलटी व्हायची, माझी बायको ओपल तिच्या दप्तरात जाड पिशव्या घालून द्यायची, आणि पोरांनी तिचं नाव बादली पाडलं होतं. हे नाव तिने आम्हाला कितीतरी वर्षांनी, लग्न झाल्यावर सांगितलं, आणि ओपल माझ्याकडे बघत राहिली होती, तुला माहीत होतं का, अशा नजरेने. मला माहीत होतं. वाचनालयाच्या खिडकीतून बसथांबा दिसायचा आणि काचेतून ऐकूही यायचं. आता लहान मुलांची शाळा गेली तर रीव्हाची लिनी, सहा वर्षांची, त्याच बसमध्ये बसणार. लिनीला तर चर्चपर्यंतच्या रस्त्यातही मळमळतं. जावई टॉड ओहायोत कोलंबसजवळ एका गोदामात नोकरीला लागलेला, शनिवार-रविवार येतो. तो पहिल्यापासून म्हणत होता, चला सगळे तिकडे. रीव्हाने त्याला आणि मला एकदाच सांगितलं होतं, "शाळा राहिली तर मी राहीन. गेली तर जाईन. पोरीला मी त्या बसमध्ये घालणार नाही." ती जे एकदाच सांगते ते करते. ओपल तशी होती. मी एकच गोष्ट पुष्कळदा सांगणाऱ्यांतला आहे.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही का, हा प्रश्न मी त्या सकाळी नेडाच्या दुकानात बसून स्वतःला विचारला आणि नंतर उन्हाळाभर विचारत राहिलो. एखाद्या दिवशी मी असंही ठरवायचो की मला नीट आठवत नाही. कदाचित मी दुसरं वर्तुळ भरलंच नसेल. पण पेनचा आवाज आठवतो. मतदान शाळेच्या व्यायामशाळेतच होतं, बास्केटबॉलच्या जाळीखाली पुठ्ठ्याच्या आडोशाची टेबलं मांडलेली. फरशीला मेणाचा वास होता, आणि शेजारच्या खोलीत बायका सूप आणि मक्याची भाकरी विकत होत्या, त्याचाही. बाहेर, कायद्याने सांगितलेल्या अंतरावर, खडीच्या रस्त्याच्या कडेला कर्टिस उभा होता, गडद कोट घालून. तो पत्रकं वाटत नव्हता. म्हाताऱ्या बायका गाडीतून उतरायच्या तेव्हा दार धरायचा, बस. माझंही दार त्याने धरलं. "सांभाळून सर, इथे खड्डा आहे," तो म्हणाला, आणि माझ्या कोपराखाली हात ठेवून त्याने मला खड्ड्यापलीकडे नेलं. आणि मत कोणाला वगैरे काही बोलला नाही. रीव्हा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होती, तिच्या हातात पत्रकं होती, ती कोणाशी तरी तावातावाने बोलत होती. तिने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. एकच.

मी रीव्हाचं वर्तुळ भरलं. पूर्ण, कडेपर्यंत, कुठे पांढरं न ठेवता. मग कागद उचलायचा होता. पण त्याखाली दुसरं नाव होतं आणि त्याच्या समोरची जागा माझ्याकडे बघत होती. मी पेन खाली ठेवला असता, मला वाटतं, जर माझ्या गळ्याशी तो स्पर्श जागा झाला नसता. ओपलच्या अंत्यविधीच्या दिवसाचा. हेड्रिकच्या त्या मागच्या खोलीत, जिथे घरच्यांना आधी बसवतात, मी आरशासमोर उभा होतो आणि टायची गाठ मला बसत नव्हती. तो टाय तीच बांधायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनेच बांधला होता, लोकांनी थट्टा केली होती. मी गाठ मारत होतो, सोडत होतो, बाहेर लोक येऊन बसल्याचे आवाज येत होते, रीव्हा दोनदा दारातून डोकावून गेली. मग कर्टिस आत आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि टाय त्याने माझ्या हातातून घेतला. मी हनुवटी वर केली. त्याची बोटं कोरडी आणि कोमट होती, त्यांना साबणाचा वास येत होता. गाठ वर सरकवताना त्याने दोन बोटं कॉलरच्या आत घातली, मला आवळू नये म्हणून. ओपल तसंच करायची. त्याला ते कोणी सांगितलेलं असणं शक्य नव्हतं, तो सगळ्यांचंच तसं करत असणार. पण मी तिथे पहिल्यांदा रडलो, उभ्या उभ्या, हनुवटी वर केलेली, आणि तो माझ्या खांद्यापलीकडे भिंतीकडे बघत राहिला. व्यायामशाळेत, त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला, तीच दोन बोटं मला गळ्याशी जाणवली आणि पेन खाली सरकला. वर्तुळ भरताना मी निवडणुकीचा विचार करत नव्हतो. रीव्हाचाही नव्हतो करत. मी फक्त असभ्य व्हायचं टाळत होतो. यंत्राने कागद ओढून घेतला, केंद्रावरच्या बाईंनी माझ्या कोटाला मतदान केल्याची चिकटपट्टी लावली, आणि बाहेर आल्यावर रीव्हाने रस्त्यापलीकडून भुवया उंचावून विचारलं. मी एक बोट वर केलं.

दुसऱ्या दिवशी नेडाच्या दुकानातून मी रीव्हाकडे गेलो ते दुपार झाल्यावर. तोवर उगीच नदीकाठी गाडी लावून बसलो. ती कामावरून आली होती. म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात ती काम करते, तिच्या अंगाला त्या जागेचा औषधी वास असतो. चुलीवर घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं होतं. लिनी टेबलाखाली बसून बाहुलीच्या पायांत माझे जुने मोजे चढवत होती. रीव्हाने मतदानकेंद्रांचे निकाल फोनवर उघडून माझ्यासमोर ठेवले आणि ती मक्याच्या भाकरीचं पीठ कालवायला लागली.

"डोंगरापलीकडे मी हरले नाही, बाबा," ती म्हणाली. "तिकडे जेवढी मिळतील असं धरलं होतं त्याहून जास्तच मिळाली. मी इथे हरले. आपल्या केंद्रावर. बघा ना, इथे जवळजवळ प्रत्येकाने मला दिलंय. आणि जवळजवळ प्रत्येकाने त्याला."

मी चष्मा काढून पुसला. हरली होती ती चर्चच्या दोन बाकांवर मावतील एवढ्या माणसांनी.

"मला पाडायचं होतं असं एकानेही केलं नाही," ती म्हणाली. "त्याचाच राग येतो. कोणी मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. हे तर मला मिठी मारून आत गेले. नेडाने मला डबा आणून दिला होता, माहितेय? उभी राहून राहून थकशील म्हणून. आता दुकानात कोणी माझ्याकडे बघून हसलं की मला वाटतं, तू ना? तूच ना?"

"तसं नको मनात आणूस," मी म्हणालो. माझा आवाज वाचनालयातला होता, हळू.

"आणत नाही. येतं." तिने पीठ तव्यात ओतलं, तवा ओव्हनमध्ये सरकवला आणि दार पायाने बंद केलं. मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, जड, ओपलसारखीच एकदम. "निदान आपल्या घरातली तरी दोन वर्तुळं रिकामी राहिली," ती म्हणाली.

टेबलाखालून लिनीने माझ्या बुटाची नाडी ओढली. मी वाकलो, नाडी बांधली, आणि बराच वेळ बांधत राहिलो. तेव्हा सांगता आलं असतं. वाक्य छोटं होतं. मी ते जिभेवर तयार केलं, त्यातला एक शब्द बदलला, पुन्हा बदलला. आणि मग ओव्हनमधून भाकरीचा वास यायला लागला, रीव्हा उठली, आणि त्या वाक्याची जागा गेली. माझी बहुतेक वाक्यं अशीच जातात. पुस्तकांत माणसं किती नेमकं बोलतात, दुसऱ्याचं संपलं की यांचं सुरू. मी तेवढ्यासाठीच वाचत आलो की काय, कोण जाणे.

जुलैत नवं मंडळ बसलं आणि त्याने कर्टिसला अध्यक्ष केलं. त्याला नको म्हणणार कोण? उन्हाळाभर माझ्या मनात एक आशा होती आणि ती मला लाजिरवाणी वाटायची, कारण ती रीव्हासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. कर्टिस अजून ऐकून घेतोय. समजा त्याने शाळा राखली, तर माझं उरलेलं मत कोणाच्याच वाईटाला गेलं नाही, उलट मी शहाणा ठरलो. मी त्याच्याकडे जाऊन बोलायचंही ठरवलं. एकदा त्याच्या दारापर्यंत गेलो. आत कोणाचं तरी शेवटचं दर्शन होतं, व्हरांड्यात माणसं उभी होती, आणि मला बघून एकाने बाजूला होऊन वाट दिली. मी आत गेलो, ओळखीची नसलेली एक म्हातारी तिथे पेटीत झोपली होती, तिच्या घरच्यांचे हात हातात घेतले, वाईट झालं म्हणालो आणि परत आलो. कर्टिस दूरवरून मान लववून माझे आभार मानत होता.

सुनावणी ऑक्टोबरात ठेवली. जी शाळा बंद करायची तिच्यातच सुनावणी घ्यावी असा कायदा आहे, म्हणून पुन्हा तीच व्यायामशाळा, तीच जाळी. डोंगर लाल-पिवळे झाले होते. रीव्हाने मला बोलायला सांगितलं होतं. "तुमचं ऐकतील, बाबा. सगळे तुमच्या हाताखालून गेलेत. नुसतं उभं राहून सांगा की या भिंतींच्या आत काय झालं ते." मी आठवडाभर लिहीत होतो. दोन पानं झाली, खिशात घातली. ओपलचा आवडता टाय काढला आणि आरशासमोर स्वतःच बांधला, वाईट बांधला. गाठ एका बाजूला गेली आणि पुन्हा सोडायचा मला धीर झाला नाही.

मंडळाचे पाच जण लांब टेबलामागे बसले होते. कर्टिस मधे उभा राहिला, हात समोर एकावर एक. "आज आपण सगळे इथे जमलो आहोत," तो म्हणाला, आणि मी बघितलं, व्यायामशाळेतल्या सगळ्या माना खाली गेल्या. बर्लने टोपी काढली. हे कोणी ठरवून केलं नाही. तो आवाज आम्ही नेहमी ज्यासाठी ऐकला होता, शरीराने त्याला ते उत्तर दिलं. माझीही मान खाली होती. फरशीवर खेळाच्या जुन्या रेषा होत्या, निळ्या आणि पिवळ्या, आणि मेणाखाली त्या कोणाच्या तरी हाताच्या शिरांसारख्या दिसत होत्या. फक्त रीव्हा, पहिल्या रांगेत, मान ताठ ठेवून त्याच्याकडे बघत होती.

लोक बोलले. नेडा बोलली, तिने घोड्यांच्या पुस्तकांचं सांगितलं आणि तिला रडू आलं. एका तरुण बापाने बसच्या वेळेचं सांगितलं, हिवाळ्यात बक नॉबवर बर्फ किती दिवस राहतं ते सांगितलं. बिकल घड्याळ बघत होता. कर्टिस प्रत्येकाकडे पूर्ण लक्ष देऊन बघायचा आणि शेवटी म्हणायचा, "तुम्ही आलात, बोललात, आभारी आहे." मग त्याने माझं नाव घेतलं. "डेंझिल कोगर सर." मी उठलो. खिशातली पानं हातात आली, पण घडी उलगडेना. घामाने ती चिकटली होती. सगळे माझ्याकडे वळले, कोणाकोणाचे लहानपणचे चेहरे आतून वर आले, आणि रीव्हाने मान मागे वळवून मला बघितलं, तिची नजर म्हणत होती, बोला. "मला जे म्हणायचं होतं," मी म्हणालो, "ते नेडाने चांगलं सांगितलंच आहे." आणि मी बसलो. खुर्ची कुरकुरली. मग कर्टिस हळुवारपणे म्हणाला, "आभारी आहे, सर," आणि मला त्याच्याबद्दल खरोखर कृतज्ञता वाटली, की त्याने ती शांतता फार लांबू दिली नाही.

मग मतं झाली. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. कर्टिस शेवटचा. तो म्हणाला की त्याचे आजोबा या शाळेत शिकले, की मन जड आहे, की काही गोष्टींची वेळ झाली म्हणजे त्यांना मानाने जाऊ द्यावं लागतं. कोणीतरी मागे हुंदका दिला. मग तो हो म्हणाला. शाळा जूनमध्ये बंद.

ओरडलं कोणी नाही. मला वाटलं होतं ओरडतील. रीव्हा उठून काहीतरी म्हणेल असंही वाटलं. ती उठली, लिनीचा कोट घेतला आणि दाराकडे चालायला लागली. आणि तेवढ्यात भिंतीच्या कडेने एक रांग लागायला सुरुवात झाली. कोणी सुरू केली मी बघितलं नाही. आमच्याकडे खोलीच्या टोकाशी कर्टिस हेड्रिक हात पुढे करून उभा असला की लोक भिंतीच्या कडेने रांग लावतात, डोक्यावर टोपी असेल तर काढतात, पुढचा सरकला की सरकतात. तो टेबलाच्या पुढे येऊन उभा होता, अंत्यविधीच्या सवयीनेच. नेडा रांगेत होती. तो तरुण बाप होता. बर्ल टोपी छातीशी धरून उभा होता आणि माझ्याकडे वळून पुटपुटला, "चांगलं बोलला हो, काही म्हण." मीही रांगेत होतो. मी खुर्चीवरून केव्हा उठलो ते मला सांगता येणार नाही. पाय आपले आपण गेले.

रांग सरकत होती. पुढे हात हातात घेण्याचा, पाठीवर थोपटण्याचा आवाज येत होता. मला बाहेर पडायचं होतं आणि बाहेर पडणं म्हणजे रांग मोडणं, मागच्या म्हातारीला ढकलून जाणं, सगळ्यांनी बघणं. दारात रीव्हा थांबली होती. लिनीच्या कोटाची बटणं लावता लावता तिने मान वर केली आणि रांग बघितली, एकेक तोंड बघत ती माझ्यापर्यंत आली. तिथे तिची बोटं थांबली. तिने मतदानाच्या दिवशीसारख्या भुवया उंचावल्या नाहीत. मला काही विचारलं नाही. तिचा चेहरा शांत झाला, फार मोठं गणित एकदाचं सुटल्यावर होतो तसा, आणि तिने खाली बघून उरलेलं बटण लावलं.

"सर," कर्टिस म्हणाला. माझा हात त्याच्या दोन्ही हातांत होता. "रीव्हा ओहायोला जाणार असं कानावर आलं. तुम्ही अगदी एकटे पडणार. काही लागलं तर फोन करा. केव्हाही."

"आभारी आहे, कर्टिस," मी म्हणालो.

त्याची नजर माझ्या गळ्याशी गेली. टायची गाठ बाजूला गेलेली त्याला दिसली असणार. त्याने माझा हात सोडला आणि ती गाठ धरली, सैल केली, मधे आणली. साबणाचा तोच वास आला. कॉलरच्या आत त्याची दोन कोमट बोटं सरकली, मला आवळू नये म्हणून, आणि मी हनुवटी वर केली.